अणुभट्टीला जेवू घातलं तो हिवाळा

जळगावात थंडी आली हे आकड्यांवरून कळत नाही. इथला पारा उन्हाळाभर इतका राबतो, की दिवाळीनंतर तो महिनाभर सुट्टीवरच असतो. थंडी कळते नाकाला. संध्याकाळी दुकानाचं शटर खाली ओढताना कुठून तरी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा धूर येतो. त्या धुरात वांग्याची साल करपल्याचा वास असतो आणि त्याच्या मागोमाग ठेचलेल्या हिरव्या मिरचीचा असा एक झटका, की बसची वाट बघणारी अख्खी रांग एका तालात शिंकते. कंडक्टर शिंकतो, ड्रायव्हर शिंकतो. एकदा तर मी बसलाही शिंकताना ऐकलंय. लोक म्हणाले, सायलेन्सर आहे. असेल.

परवा तो वास आला आणि मी शटर अर्ध्यावर ठेवून तसाच उभा राहिलो. माझं मोटर-रिवाइंडिंगचं दुकान आहे. लोकांच्या विहिरीवरच्या मोटारी जळाव्यात आणि त्यावर माझी चूल पेटावी, असा हा पुण्याचा धंदा. वर्षभर जळक्या तांब्याच्या तारेच्या वासात बसलेलं हे नाक, पण भरताच्या धुराला अजून ओळख देतं. त्या धुराबरोबर दर वर्षी एकच हिवाळा परत येतो. आमच्या नानांनी अणुभट्टीला जेवू घातलं तो.

नाना म्हणजे माझे थोरले काका. चोपड्याकडे तापीच्या काठावर आमचं गाव. गावाच्या खाली, नदीला पाय लावून बसल्यासारखं नानांचं वावर. वरच्या अंगाला केळी, खालच्या अंगाला कपाशी, आणि विहिरीजवळ कडुनिंबाच्या सावलीला दोन सरी भरताची वांगी. ही वांगी नानांची नव्हेत, काकूची. काकूचं माहेर असोदा. लग्नात इतर बायका भांडी आणतात, काकूने पदराच्या गाठीत वांग्याचं बी आणलं होतं. हिरवट पांढरं, लांबोडकं वांगं. एकेक असं वाढायचं, की तोडायला गेलेला माणूस आधी नमस्कार करायचा. एका वांग्याला तर आम्ही रात्रभर गोठ्यात बांधून ठेवलं होतं, असं मी माझ्या बायकोला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तिने विश्वास ठेवला नाही. पण सकाळी ती गोठ्यात जाऊन बघून आली.

ती बघायला गेली, तो हा हिवाळा नव्हे. हा त्याच्या पुढच्या वर्षीचा. दुकान नवं होतं, लग्न बऱ्यापैकी नवं होतं, आणि बायकोला दिवस गेले होते. तिला डोहाळे भरताचे. त्यामुळे दर रविवारी आमची वारी गावाकडे. मोटारसायकलवर मागे ती, पुढे मी, आणि मधे पोटात आमची सोनल. सोनलने पुढे आयुष्यात जे काही केलं, त्याचं मूळ त्या पोटातल्या ऐकण्यात आहे असं माझं ठाम मत आहे. डॉक्टर काहीही म्हणोत.

त्या काळी आमच्या गावात वीज यायची म्हणजे काय यायची, सांगतो. येते-येते म्हणेपर्यंत जायची. आणि यायची तेव्हा इतकी अशक्त यायची, की बल्बभोवती जमलेले किडे थोडा वेळ वाट बघून चुलीकडे निघून जायचे. नानांच्या पडवीतला पंखा इतका सावकाश फिरायचा, की चिमणीने त्याच्या पात्यावर घरटं करून पिल्लं उडवली, आणि पिल्लांना चक्करसुद्धा आली नाही. विहिरीवरची मोटर हुं हुं करत कण्हायची आणि शेवटी जळायची. नानांची मोटर माझ्या दुकानात माहेरपणाला आल्यासारखी यायची, चार दिवस राहायची, नवी तार नेसून परत जायची.

अशा त्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी दगाभाऊ धावत वावरात आले. दगाभाऊ म्हणजे गावातला पेपर. खरा पेपर दुपारच्या बसने यायचा, दगाभाऊ सकाळीच निघायचे. नाना विहिरीच्या काठावर दात घासत होते.

"नाना, भट्टी येई राह्यनी! भट्टी!"

"इटानी का?" नानांनी विचारलं.

"इटानी नही हो. अणूनी! पेपरम्हा येल शे. देशभर जागा धुंडी राह्यनात. नदीना काठ पाहिजे म्हने त्यासले."

"काय करतस तिम्हा?"

"पानी उकळतस. त्यानी वाफवर दुन्याभरना दिवा लागतस."

नानांनी चूळ भरली. नदीकडे बघितलं. "पानी उकळाले मन्हं वावर काबर? त्यासना घर चूल नही का?"

आम्ही हसलो. पण नाना हसले नव्हते, हे मला उशिरा कळलं. कारण त्याच आठवड्यात नदीकाठावर एक जीप येऊन उभी राहिली. जीपमधून तीन पायांचं एक यंत्र उतरलं, लाल-पांढऱ्या काठ्या उतरल्या, गॉगल लावलेला एक साहेब आणि त्याची दोन माणसं उतरली. पेपरात बातमी, काठावर जीप. गावाला आणखी काय पुरावा लागतो? संध्याकाळपर्यंत गावातल्या लहान पोरालासुद्धा माहीत होतं, की भट्टीचा मधला खांब नानांच्या विहिरीत उभा राहणार.

त्या माणसांनी विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाची एक फुली मारली. आम्ही दुपारी पोचलो, तेव्हा नाना त्या फुलीजवळ बसले होते. रंग ओला होता. एका बोटाने पुसला असता तर गेला असता. नानांनी पुसला नाही.

"पुसी टाका ना," मी म्हणालो.

"सरकारनी फुली शे. पुसाथीन वावर वाची का?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हाई वावर गयं, तं मी काय कराव रे? जळगावले यीसन तुन्हा दुकानम्हा बठाव का?"

ती जमीन मूळची नुसती खडकाळ उतार होती. नाना आणि काकूने लग्नानंतरची पहिली वर्षं दगड वेचण्यात घालवली, त्यांचा बांध रचला. आमच्या घरातल्या सगळ्या गोष्टी मी फुगवून सांगतो, हीच एक फुगवत नाही. तो बांध अजून आहे. त्यातला कुठला दगड कुणी उचलला, यावरून दोघं म्हातारपणापर्यंत भांडायची.

गावात दोन मतं पडली. तरण्या पोरांचं म्हणणं, जीपच्या चाकातली हवा सोडू. दगाभाऊंचं म्हणणं, मोर्चा काढू आणि पुढे मी चालतो. नानांनी दोन्ही ऐकून घेतलं आणि काकूला म्हणाले, "वांगा तोड."

आमच्याकडे हिवाळ्यात वावरात आलेला माणूस भरीत खाल्ल्याशिवाय बांध ओलांडून जात नाही. तो पाहुणा असो, वाटसरू असो, की वावर घ्यायला आलेला असो. हा नियम कुणी केला माहीत नाही, पण तो मोडलेला मी पाहिला नाही. नानांनी त्या नियमातून एक डावही काढला. साहेब आला की जेवू घालायचं, आणि असं घालायचं, की पुढचं काम त्याच्या हातून होऊ नये.

त्या भरताचं काय वर्णन करू! कपाशीच्या काड्यांचा ढीग पेटवायचा, जाळ बसला की वांगी त्यात ढकलायची. साल काळी पडून सुटली की गरमागरम सोलायची. काकू फुंकरही न मारता सोलायची. मग लाकडी बडगीत मिरची, लसूण आणि वांगी ठेचायची. ठेचण्याचा आवाज नदीपलीकडे जायचा आणि पलीकडचे लोक भाकरी घेऊन होडीत बसायचे. वर तेलात परतलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. केळीच्या पानावर ते हिरवं भरीत आणि शेजारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मिरची अशी, की पहिल्या घासाला माणसाला त्याचे आजोबा आठवायचे आणि दुसऱ्या घासाला ते समोर येऊन बसायचे.

साहेब पहिल्या दिवशी नको-नको म्हणाला. दुसऱ्या घासाला त्याने गॉगल काढला. तिसऱ्या भाकरीला पट्टा सैल केला. वर काकूने ताकाचा तांब्या दिला. मग निंबाखाली नानांनी आधीच टाकून ठेवलेली घोंगडी त्याला दिसली, आणि देशाचं वीज-धोरण ऊन उतरेपर्यंत घोरत पडलं. दोन्ही माणसं काठ्या उशाला घेऊन झोपली. ते तीन पायांचं यंत्र एकटंच उन्हात उभं होतं, तेही थोडं कलल्यासारखं मला वाटलं.

असा तो सगळा हंगाम गेला. जीप यायची, जेवण व्हायचं, झोप व्हायची, जीप जायची. नंतर नंतर साहेबाची माणसं आल्या आल्या यंत्राऐवजी काड्या उतरवायला लागली. कधी जेवणाआधी घाईघाईत थोडं मोजून व्हायचं, पण डोळा काचेला आणि नाक धुराकडे. त्यांच्या त्या नकाशात आमची विहीर नदीच्या पलीकडे गेली होती आणि मारुतीचं देऊळ पाण्यात, असं दगाभाऊ शपथेवर सांगतात.

आणि या सगळ्यात एक गोष्ट कुणी केली नाही. त्या माणसांना कुणी विचारलं नाही, की बाबांनो, तुम्ही मोजताय ते कशासाठी? कारण पानावर बसलेल्याला त्याचं काम विचारायचं नाही, हीदेखील आमच्याकडची रीत. काम विचारलं, म्हणजे जेवण मोजलं. आणि साहेब पानावर नसायचा तेव्हा झोपलेला असायचा. मग विचारणार कधी?

कपाशीच्या काड्या संपत आल्या, वांगी बियांनी भरायला लागली, तेव्हा एका दुपारी साहेब एकटाच आला. यंत्र नव्हतं, काठ्या नव्हत्या. हातात काकूसाठी साडी होती.

"नाना, निरोप घ्यायला आलोय," तो म्हणाला. "आमचं काम शेजारच्या गावाला हललं. तिथे मोजणी दोन दिवसांत उरकली. तिथे कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही हो."

नानांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की तेवढ्यावर आमच्या गावाची एक गल्ली उजळली असती. "मंग भट्टी तठे जाई?"

"कसली भट्टी?"

"अणूनी."

साहेब म्हणाला, "अहो, अणूची भट्टी कुठली? आम्ही विजेच्या उपकेंद्रासाठी आलो होतो. तुमच्या गावासाठीच होतं ते. फुली मारली तिथून फक्त तारा जाणार होत्या. पूर्ण दाबाची वीज मिळाली असती तुम्हाला."

बडगीत ठेचणारा काकूचा हात थांबला. मला आठवतं, त्या वेळी केळीची पानंसुद्धा वाजायची थांबली होती.

"तुम्ही सांगं काबर नही?" नाना म्हणाले.

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे! उपकेंद्र आपल्याच गावात व्हावं म्हणून एवढा पाहुणचार करताय, असं मी वरही कळवलं होतं. तुम्ही तरी का नाही विचारलं?"

"जेवनारले कोनी काम इचारस का, साहेब?"

मग काकू म्हणाली, "आते येलच शेतस तं जेवाले बठा." आणि साहेब बसला. त्या दिवशी मात्र जेवण झाल्यावर तो झोपला नाही.

शेजारच्या गावात दिवे लागले. आमच्या वावरातून ते दिसायचे. संध्याकाळी नाना बांधावर बसून तिकडे बघायचे आणि म्हणायचे, "चांगला लागतस." त्यात राग नव्हता. वावर वाचलं होतं. पण पुढची किती तरी वर्षं आमची मोटर कण्हत राहिली आणि माझं दुकान चालत राहिलं. आज माझं जे घर आहे, त्याच्या पायात त्या हिवाळ्याची वांगी आहेत.

सोनल त्याच अशक्त विजेत वाढली. शाळेच्या सुट्टीत नानांकडे असायची, रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात अभ्यास करायची. तो उपकेंद्राचा किस्सा तिने हजार वेळा ऐकला. बाकीची पोरं हसायची, ही विचारायची, "पण वीज तिथपर्यंत येते कुठून?" कोळशातून येते म्हटल्यावर, कोळसा कुठून येतो? ट्रेनमधून भुसावळकडे गेलो की खिडकीतून वीज केंद्राच्या उंच चिमण्या दाखवायची. विचारत विचारत ती इंजिनिअर झाली, आणि मागच्या वर्षी घरी पेढे घेऊन आली. अणुवीज केंद्राच्या कामावर निवड. नवी भट्टी, दूर समुद्राकाठी. अजून उभी राहायची आहे, जागेचंच काम सुरू आहे.

मी पेढा तोंडात तसाच धरून बसलो. आमच्या घरात अणुभट्टी शेवटी आली ती अशी.

कामावर जाण्याआधी तिने भरताचा हट्ट धरला. वावर तेच, निंब तोच. काकू नाही आता. वांग्याचं बी मात्र तिचंच आहे, नाना दर वर्षी धरून ठेवतात. त्यांनी ऐंशी ओलांडलीय, पण जाळ बसला की नाही हे अजून तेच सांगतात. विहिरीवर आता उन्हावरचा पंप आहे. धुळ्याहून साक्रीकडे निघालं की माळावर काळ्या काचांचं पीकच्या पीक उभं दिसतं, त्यातलीच चार रोपं आमच्याकडे लावलीत म्हणा. नाना त्या पंपावर खूश. दिवसा पाणी, धूर नाही, आवाज नाही, जळणं नाही. माझ्या धंद्याचं वाटोळं, पण ते घरात कुणी बोलत नाही.

"ऊन शे ना सारं फुकटनं," नाना सोनलला म्हणाले. "मंग तुन्ही भट्टी कसाले?"

"ऊन संध्याकाळी घरी जातं, नाना. रात्री दवाखाने चालतात, कारखाने चालतात. तेव्हा कोळसाच जळतो. तो कमी करायचा तर रात्रीची पाळी धरणारं कुणीतरी लागेल. माझी भट्टी धूर करत नाही."

"हाई बी धूर करस," नानांनी काड्यांच्या जाळाकडे बोट दाखवलं.

"हा धूर कपाशीने हवेतूनच घेतलेला असतो. पुढच्या वर्षीची कपाशी परत घेते. कोळशाचा धूर घ्यायला कुणी नाही. तो वर साठत जातो, म्हणून तर आपला मे महिना असा झालाय."

नानांनी काडी सारली. "आनि राख? तुन्ही भट्टीनी राख कोठे टाकतस?"

मला वाटलं, पोरगी आता मोठं भाषण देणार. तिने दिलं नाही. "टाकत नाही. सांभाळावी लागते. माझ्या नातवंडांच्या नातवंडांनी आणि त्यांच्याही पुढे. थोडी असते, पण सांभाळावी लागते."

"आनि कोळसानी?"

"ती सगळ्यांच्या अंगणात पडते. कुणीच सांभाळत नाही."

थंड झालेली राख नानांनी घमेल्यात भरली आणि नेहमीसारखी केळीच्या बुडाशी टाकून आले. येताना विहिरीच्या कठड्यावर हात टेकला. ती लाल फुली केव्हाच गेलीय, पण त्यांचा हात अजून तिथेच पडतो. "तठे कोनं वावर शे?" त्यांनी विचारलं. "भट्टी जठे व्हई, तठे?"

"अजून सगळ्यांना भेटले नाही," सोनल म्हणाली. "भेटीन."

नाना फक्त म्हणाले, "नाव इचार."

ती गेली. आणि काल रविवार. पुन्हा भरीत. दगाभाऊही आले होते, आता काठी टेकत येतात, बातम्या मात्र तशाच ताज्या. वांगी जाळात होती, तेवढ्यात माझा फोन वाजला. सोनल. आवाज दबका.

"पप्पा, नाना आहेत का? मला लगेच हवेत."

मी फोन मोठ्या आवाजावर टाकून नानांपुढे धरला.

"नाना, मी एका घराच्या ओट्यावर उभी आहे. यांची बाग आमच्या जागेत येते. घरातल्या आजींनी आत बोलावलंय, पान वाढलंय. कोण, कुठली, काहीच विचारलं नाही. माझ्या बरोबरचे म्हणतात, जेवू नकोस, मिंधी होशील. मी काय करू?"

दगाभाऊ पुटपुटले, "खाय, आनि निंब दिखना तं झोपी जाय!" एरवी नानांनी यावर मांडी थोपटली असती. पण ते फोनकडे असं बघत होते, जसं त्या दिवशी ओल्या फुलीकडे बघत होते. तेव्हा घरात बोलावणारे ते होते. आता बाहेर उभी होती ती त्यांची नात.

"खाय, बेटा," ते म्हणाले. "वाढेल पान सोडू नको. पन पह्यला घास लेवाना आगोदर सांग, तू काय कराले येल शेस. त्या इचारावत नहीत. तू सांग. मंग बी त्यासनी वाढं, तं पोटभर खाय."

फोन तिने बंद केला नाही. विसरली, की मुद्दाम, देव जाणे. आम्हाला पावलं ऐकू आली, पाट सरकल्याचा आवाज आला. मग सोनलने घसा साफ केल्याचा आवाज.

"आजी, एक सांगायचंय. मी त्या भट्टीच्या कामावर आहे. तुमची बाग त्यात जाते. तुमचं नाव काय?"

मग काहीच ऐकू येईना. नानांनी फोन कानाला लावला. जाळात वांगी एका अंगाने करपत होती, पण परतायला कुणी उठलं नाही. मला ती शांतता अख्ख्या हिवाळ्याएवढी लांब वाटली, आणि हे मी फुगवून सांगत नाही.

मग पलीकडून एका म्हातारीचा आवाज आला, खणखणीत. "ते कळलंय मला, तुझ्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या पट्ट्यावरून. बाग काही मी देणार नाही. जेव आधी. भांडू मग."

पाठोपाठ भांड्यात पळी वाजली.

नानांनी फोन माझ्या हातात दिला, उठले, आणि करपलेलं वांगं परतायला घेतलं. पाठमोरेच म्हणाले, "तिले सांग, जेवन व्हयनं का झोपजो नको."